डब्यातली रात्र

"पाच मिनिटांचं काम आहे" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमचे हरेशभाऊ रोज म्हणतात. मुरबाडला त्यांचं इंटरनेटचं छोटं ऑफिस आहे, आणि तालुकाभर खांबांवर चढणारी, घराघरांत वायरी ओढणारी, लोकांच्या शिव्या खाणारी मी एकटी, दर्शना. त्या दिवशी सकाळीच त्यांनी यादी माझ्या हातात कोंबली. सहा घरं, सहा जुने राउटर. राउटरच्या पोटातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बदलायचं. आजच. उद्यापासून जुन्या फर्मवेअरचा राउटर आमच्या सर्व्हरला जोडलाच जाणार नव्हता. "पाच-पाच मिनिटांचं काम आहे गं," ते म्हणाले. मग तुम्हीच जा की, हे तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

पाच घरं आटपून सहाव्या घरी पोचायला दीड वाजला. सिद्धगडाच्या पायथ्याची उंबरवाडी. आधी डांबर संपतं, मग खडी संपते, आणि त्यापुढे स्कूटर स्वतःच्या मर्जीने जाते. चैत्राचं ऊन. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा वास असा गोड आणि जड की उभ्या उभ्या डोळे मिटावेत. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. नुसता एक कान हलवून पडून राहिलं.

घर धोंडूबाईंचं. पासष्टीच्या आसपासची काटक म्हातारी, डोक्यावरून पदर, डोळे बारीक पण लख्ख. मुलगा-सून कामावर, घरात ती आणि कॉलेजला जाणारी नात दिपिका. तक्रार दिपिकाची होती.

"ताई, रोज दुपारी एकला वायफाय जातं आणि संध्याकाळी सातला येतं. घड्याळ लावल्यासारखं. बावीस दिवस झाले," ती म्हणाली आणि शिवणाच्या क्लासला म्हसा गावाला निघून गेली. शिव्या खायला मी होतेच.

मी राउटरला वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला, सेटिंगचं पान उघडलं. आणि कपाळाला हात लावला. वरच्या कोपऱ्यात वेळ होती: २२ जानेवारी १९७०, रात्रीचे अकरा वाजून चौतीस मिनिटं.

हे असं होतं. या डब्यांना स्वतःचं घड्याळ नसतं. वीज गेली की सगळं विसरतात, आणि वीज आली की कंपनीच्या एका पत्त्यावर जाऊन वेळ विचारून येतात. या जुन्या मॉडेलला जो पत्ता दिला होता तो केव्हाच बंद पडला होता. मग वेळ सांगायला कुणी नसलं की डबा आपला मुकाट १ जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचला, म्हणजे संगणकांच्या मोजणीच्या पहिल्या क्षणाला, जाऊन बसतो आणि तिथून मोजायला लागतो. बापाने रात्री रील बघत बसू नये म्हणून दिपिकाने वायफाय रात्री अकराला बंद, पहाटे पाचला चालू, असं लावून ठेवलं होतं. डबा बिचारा इमानदार. त्याच्या अकराला तो बंद करत होता. बावीस दिवसांपूर्वी वीज आली ती संध्याकाळी साडेसातला, म्हणून त्याचे अकरा आमच्या दुपारी एकला वाजत होते, एवढंच.

म्हणजे काम सोपं. नवं फर्मवेअर टाकायचं, डबा बंद होऊन चालू होणार, नव्या पत्त्यावरून आजची तारीख घेणार, सगळं ठिकाणावर. मी फाइल निवडली. बटणावर बोट नेलं, तोच माझ्या मनगटावर एक खरखरीत हात पडला.

"नको गो. दिवस उगवंपर्यंत हात नको लावू."

"कुठला दिवस आजी? भर दुपार आहे बाहेर."

"तुज्या बाहेर. डब्यात रात हाय ना? तूच बोललीस मागं."

बोलले होते खरी. होळीच्या आधी नेट स्लो म्हणून आले होते तेव्हा. तारीख बघून मला हसू आलं आणि माझी जीभ कुठे गप्प बसते! "आजी, तुमचा डबा सत्तर सालात राहतो हो. एक जानेवारी सत्तर," असं मी मोठ्याने म्हणाले होते. म्हातारी उठली होती. आत जाऊन एक पितळी कळशी घेऊन आली होती आणि डब्याशेजारी ठेवली होती. पाणी देतेय असं समजून मी "नको, बाटली आहे" म्हणाले होते. शहाणपणाची कमालच ती माझ्या!

ती कळशी आत्ताही तिथेच होती. धोंडूबाईंनी ती माझ्याकडे फिरवली. गळ्याजवळ टाचणीने ठोकावीत तशी अक्षरं होती. जत्रेत भांडं घेतलं की नाव घालणारा तिथेच छिन्नी घेऊन बसलेला असतो, त्याने घातलेली. गोदू राघो. म्हसा जत्रा. २२-१-७०.

"गोदू माजी आय," धोंडूबाई म्हणाल्या. "ही तिची शेवटची खरेदी."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत होत्या.

"मी नऊ वर्सांची. बाबानी जास्तीचा बैल इकला, आयनी कळशी घेतली, मला लाल रिबनी. रातचं निंगालो. पौषातली पुनव, चांदणं असं का सुई पडली तरी दिसंल. म्हनून बाबानी कंदील इजवला, तेल वाचवायला. चढाला गाडी जड झाली तशी आय उतरून मागनं चालाया लागली. मला बोलली, धोंडू, तू मागल्या बाजूला बस. मी हाक मारीन, तू ओ दे. म्हंजे मला कळंल गाडी कुटं हाय. मंग ती मागनं हाक मारायची, धोंडू, हायस का गो? मी बोलायची, हाय गो आये, हाय. असं लई येळ चाललं."

छपरावर कुठेतरी होला घुमत होता.

"मंग मी झोपली गो. कळशीला मिठी मारून झोपली. आयच्या पायात काटा मोडलेला, ती मागं राहिली. हाका मारल्या असतील. ओ कोन देनार? फाट्यावर एक वाट वाडीला येते नि एक डोहाकडं जाते. गाडी दिसली नाय, आवाज नाय, ती डोहाच्या वाटेला लागली. कडा ढासळलेला व्हता. पहाटं पाचला सापडली."

नऊ वर्षांची पोर झोपेल नाहीतर काय करेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"ते सगळे बोलले. बाबा पन बोलला. मला काय खूळ नाय लागलं पोरी. आय परत यायची नाय, मला म्हाईत हाय. पन ती रात जागायची माज्याकडं राहिली. छप्पन वर्सं राहिली. तू बोललीस डब्यात सत्तर साल हाय, तवा मला वाटलं, एकदा तरी जागून काढू."

भिंतीकडे बोट केलं त्यांनी. कुडावर चुन्याची बोटं उमटवलेली, ओळीने बावीस. दिपिका रोज सकाळी फोनवर डब्यातली तारीख वाचून दाखवायची आणि म्हातारी एक बोट ओढायची. आधी दोनदा लाइट गेली होती. एकदा नऊ बोटं झाल्यावर, एकदा चौदा. दोन्ही वेळा सगळं पुसून पुन्हा एकपासून. मग नातीच्या मागे लागून त्यांनी डब्याला छोटा यूपीएस आणवला, लाइट गेली तरी दोनेक तास डबा जिवंत ठेवणारा. तेव्हा कुठे डबा बावीस तारखेच्या रात्रीपर्यंत चालत आला होता. आणि आज नेमकी मी आले, पाच मिनिटांचं काम घेऊन.

मी हिशेब केला. डब्याचे पहाटेचे पाच म्हणजे आमचे संध्याकाळचे सात. साडेपाच तास. हरेशभाऊ माझं सालपट काढणार होते. एकदा मनात आलं, टाकावं फर्मवेअर आणि स्क्रीनवर खोटी तारीख दाखवावी, म्हातारीला काय कळतंय. असं मनात आलं याची मला आजही लाज वाटते.

"आजी, चहा ठेवा," मी म्हणाले. "आणि तुम्ही झोपायचं नाय. तुम्ही झोपलात तर मी बटण दाबणार, सांगून ठेवते."

त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते.

दोन वाजता डब्यात बारा वाजले आणि तारीख तेवीस झाली. बाहेर ऊन पांढरं धोप पडलं होतं, आणि मला त्या उन्हातच चांदणं दिसायला लागलं. खोटं सांगत नाही. दारातून दिसणारा सिद्धगड पार धुरकट झाला होता, अंगणातली मोहाची फुलं ओल्या चांदण्यासारखी फिक्कट पडली होती, कुठे पानही हलत नव्हतं. घराघरांत माणसं निजली होती. दुपार म्हणा नाहीतर मध्यरात्र म्हणा, वाडीला काही फरक पडत नव्हता.

चहा झाला, भाजलेल्या हरभऱ्यांची टोपली झाली. मी त्यांना जत्रेचं विचारत राहिले. पाळणे होते का? होते, लाकडाचे, हाताने फिरवायचे. घोंगड्या? ढिगाने. बैलाचं नाव काय? हरण्या. विकल्यावर त्याने मागे वळून पाहिलं होतं. मधेच त्यांची मान खाली जाई, मी हरभरा फेकून मारी. "अगो मेले, डोळा फोडशील," त्या म्हणत आणि पुन्हा ताठ बसत.

तीनच्या सुमाराला मी राउटर ठीक आहे ना बघायला पिंग लावलं. काळ्या पडद्यावर एकाखाली एक ओळी सरकायला लागल्या.

"ह्ये काय लिवतंय?"

"पिंग म्हणतात याला. माझा लॅपटॉप दर सेकंदाला डब्याला विचारतो, आहेस का? डबा म्हणतो, आहे. उत्तर आलं नाय की समजायचं, तो गेला."

धोंडूबाई जवळ सरकल्या. पदराने डोळे पुसून त्या पडद्याकडे बघत बसल्या, किती वेळ कोण जाणे.

"हाक मारतो नि ओ देतो," त्या म्हणाल्या.

"हो."

"झोपत नाय तो?"

"नाय आजी. वीज आहे तोवर नाय झोपत."

"गुनाचा हाय," त्या म्हणाल्या, आणि डब्याच्या पाठीवरून हात फिरवला. डबा गरम होता. "तापलाय गो बिचारा," असंही म्हणाल्या.

साडेचारला पंखा थांबला. लाइट गेली. डब्यात तेव्हा रात्रीचे अडीच. यूपीएसने डबा धरून ठेवला, पडद्यावरच्या ओळी सरकत राहिल्या. पण चैत्रात या भागात लाइट गेली की तासात येईल नाहीतर उद्या येईल. पावणेसहाला यूपीएसचा दिवा लाल झाला आणि लुकलुकायला लागला. दोन तास नाही, धड दीड तासही टिकला नाही मेला.

धोंडूबाईंनी तो लाल दिवा बघितला. कळशी उचलून मांडीत घेतली आणि तिला घट्ट धरून बसल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं, नऊ वर्षांच्या पोरीएवढं. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. वायरमनचा, यूपीएसवाल्याचा, सत्तर सालातल्या त्या विझवलेल्या कंदिलाचा.

मी उठले, स्कूटर ढकलत थेट पडवीत आणली, सीटखालचं झाकण उघडलं. स्कूटरची बॅटरी बारा व्होल्टची, यूपीएसला लागतात तेही बारा. बॅगेतली वायर सोलली, दोन टोकं बॅटरीला, पिन यूपीएसच्या तोंडात. एकदा ठिणगी उडाली आणि पिंगची एक ओळ अडली. उत्तर नाही. मग पुढची ओळ सरकली, तिच्या पुढची, आणि लाल दिवा पिवळा झाला.

"राहिला?" आतून आवाज.

"राहिला आजी, राहिला!" मी ओरडले.

"तुजी गाडी कशी चालू होनार मंग?"

"लाथ मारून," मी म्हणाले.

ऊन उतरलं. गडाची सावली वाडीवर आली, मोहाचा वास आणखी दाट झाला. डब्यात पहाट व्हायला आली होती आणि आमच्याकडे संध्याकाळ, आणि दोन्हींचा उजेड सारखाच, राखेच्या रंगाचा. साडेसहाला माझ्या लॅपटॉपची बॅटरी संपली. पडदा काळा झाला, हाका थांबल्या. आता डब्याचे नुसते दिवे होते. वायफायचा मधला दिवा विझलेला. तो लागला की डब्यात पाच वाजले.

दहा मिनिटं गेली असतील. मी वळून बघते तर धोंडूबाईंची मान कळशीवर टेकलेली. डोळे मिटलेले. श्वास संथ चाललेला.

हरभरा फेकून मारायची छाती झाली नाही. एवढा वेळ जागली होती म्हातारी, आणि शेवटच्या वीस मिनिटांनी दगा दिला. उठवावं तर दचकून उठणार आणि झोपले होते हे तिला कळणार. न उठवावं तर पाच वाजणार. डोहाच्या काठाशी आणखी एकदा कुणीतरी सापडणार, आणि ही आणखी एकदा झोपलेली असणार. मी तशीच बसले. सात वाजायला किती कमी होते ते बघायचंही धाडस होईना.

मग काय झालं मला माहीत नाही. मी उठून दाराबाहेर गेले. अंगण ओलांडून, मोहाच्या फुलांच्या पलीकडे, वाट जिथे उतरते तिथवर. तिथे उभी राहून, माझ्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी दमलेल्या आवाजात मी हाक मारली.

"धोंडू, हायस का गो?"

घरातून, चटकन, बारीक, स्पष्ट:

"हाय गो आये, हाय!"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी पदरवाली बाई नाही, शर्टाच्या बाहीला पुसल्या. परत आत आले तर धोंडूबाई जाग्या होत्या, ताठ बसल्या होत्या, आणि वायफायचा मधला दिवा लुकलुकत होता. लुकलुकला, थांबला, आणि हिरवा झाला. अंगणातून दिपिका ओरडत आली, "आजी, नेट आलं!" तिच्यामागोमाग लाइटही आली, पंखा कुरकुरत फिरायला लागला.

धोंडूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मी झोपलेली का गो?"

खोटं बोलायला मी तयारच होते. पण त्या डोळ्यांपुढे नाही जमलं.

"झोपला होता," मी म्हणाले. "पण ओ दिलीत. पहिल्याच हाकेला."

"दिली?"

"दिलीत. वाटेपर्यंत ऐकू आली."

त्यांनी कळशी मांडीतून खाली ठेवली, चुन्याच्या डबीत बोट बुडवलं आणि भिंतीवर तेविसावं बोट ओढलं. ओढताना रडत होत्या, चांगल्या मोकळ्या रडत होत्या, आणि दिपिका दारात पिशवी घेऊन तशीच उभी राहिली होती.

"आता लाव तुजं काय लावायचं ते," त्या मला म्हणाल्या.

लॅपटॉप चार्जिंगला लावला, उघडला. फोनवर हरेशभाऊंचे सात मेसेज येऊन पडले, ते पडू दिले. फाइल निवडली. नेहमीची सूचना आली: काम चालू असताना डबा बंद करू नका. मी ती मोठ्याने वाचून दाखवली.

"नाय करायचा ना बंद? मी बसते हितं," धोंडूबाई म्हणाल्या आणि डब्यापुढे मांडी घालून बसल्या. "तू दाब."

मी बटण दाबलं. डब्याचे सगळे दिवे एकदम विझले. तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांत काय बिघडेल याचा नेम नसतो, आणि मी एरवी त्या वेळात फोन बघत बसते. त्या दिवशी नाही बसले. धोंडूबाई काळ्या डब्याकडे वाकल्या आणि अगदी हळू, झोपलेल्या पोराला विचारावं तसं, विचारलं.

"हायस का रे?"

डबा गप्प. पंख्याचा आवाज. त्यांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं. त्यांना घाई नव्हती.

तिसऱ्या हाकेला पहिला दिवा लागला.